मदत हवी आहे: सर्पदंशाची लस संपत आलीये, सप्लायर उधार द्यायला तयार नाही

आरएच_फार्मसी
तातडीनं उत्तर हवंय. एएसव्ही (सर्पदंशाची लस) जेमतेम एका पेशंटपुरती उरलीये, भातलावणी सुरू आहे, माणसं दिवसभर बांधावर, घोणस-मण्यारच्या केसेस येतातच. इंडेंट (मागणीपत्र) टाकून ठेवलाय, वरून काही हालचाल नाही. लोकल परचेससाठी नेहमीच्या सप्लायरला फोन केला तर म्हणतो आधी मार्चची बिलं काढा मग बोला, आणि बिलं तर ट्रेझरीतून परत आलीयेत. आता खरेदी कशातून करायची? जीआर असेल तर टाका.

माळरान
डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) ऑफिसला जाऊन बसा, झेडपीच्या निधीतून होतं. आमच्या पीएचसीचं तसंच झालं होतं.

आरएच_फार्मसी
पीएचसी नाही हो, ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, सीएसच्या (जिल्हा शल्यचिकित्सकांच्या) अखत्यारीत. झेडपीचा संबंध नाही.

निवृत्त_भांडारपाल
मार्चची बिलं कुठल्या हेडची, म्हणजे कुठल्या निधीतली? राज्याच्या अनुदानातली की डीपीसीची (जिल्हा नियोजन समितीची)? बीडीएस (निधी वाटपाची ऑनलाइन पावती) निघाली होती का? ट्रेझरीनं आक्षेप काय लिहिलाय? हे कळल्याशिवाय जीआर सांगून उपयोग नाही.
पण आज लस हवी असेल तर खरेदीच्या मागे लागूच नका. ई-औषधी या ऑनलाइन सिस्टीमवर जिल्ह्यातला साठा सीएस ऑफिसला दिसतो, कुठल्या तरी संस्थेत जास्तीची पडून असणारच, अधीक्षकांच्या सहीनं ट्रान्सफर मागा. आणि जिल्हा भांडाराला स्पष्ट विचारा की माल येऊन गुणवत्तेच्या लॅब रिपोर्टसाठी थांबलाय का, कारण रिपोर्ट चढेपर्यंत ती बॅच सिस्टीममधून इश्यू होत नाही, मग सगळ्यांना वाटतं वरून मालच आला नाही.

डॉ_घाटमाथा
इतका घोळ कशाला, रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून घ्या. माणसाचा जीव आधी.

आरएच_फार्मसी
समितीत पैसे कुठून येणार डॉक्टर? १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरची फी सुद्धा बंद आहे. पेशंटसाठी ते चांगलंच झालं, पण समितीची हातातली रोकड आटली.

डॉ_घाटमाथा
जनआरोग्य योजनेचे क्लेम येत असतील की.

आरएच_फार्मसी
आमचं रुग्णालय त्या योजनेत नाही.

चेन्नईत_मराठी
मूळ दुखणं वेगळंच आहे. तामिळनाडूनं १९९४ ला औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक, त्यात वर्षाची रक्कम लिहिलेली, जिल्ह्याच्या गोदामातून माल उचलायचा आणि तेवढी रक्कम वजा. आपल्याकडे २०१७ ला खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, २०२३ ला कायदा करून नवं प्राधिकरण आणलं. पासबुक आणा, सप्लायरच्या पाया पडायची वेळच येणार नाही.

माळरान
अहो त्यांना आज रात्रीची लस हवीये, तुम्ही १९९४ काय सांगताय!

चेन्नईत_मराठी
आज मिळेल, पुढच्या पावसाळ्यात हाच धागा पुन्हा निघेल. म्हणून सांगतोय.

बिलवाला
सप्लायरच्या बाजूनंही कुणीतरी बोला. आम्ही कंपनीला रोख मोजून माल उचलतो, सरकारी बिल वर्ष वर्ष लटकतं, व्याज आमच्या खिशातून. एमएसएमई (लघुउद्योग) कायदा २००६ प्रमाणे ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तशी ऑनलाइन तक्रार टाका म्हणावं त्याला.

निवृत्त_भांडारपाल
तुम्ही माल बनवता की विकता? २०२१ ला होलसेल-रिटेलवाल्यांना एमएसएमईत घेतलं ते फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं, उशिराच्या पेमेंटचं संरक्षण त्यात नाही. उगाच कुणाला आशा लावू नका.

बिलवाला
मग आम्ही जायचं कुठं?

शिवारातली_ताई
साप चावला तर वरती दोरी आवळून बांधू नका, जखम कापू नका, तोंडानं ओढू नका. हातपाय न हलवता झोपवून थेट दवाखान्यात न्या, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. लावणीवाल्या बायांना हे सांगायलाच हवं.

आरएच_फार्मसी
ताई बरोबर आहे तुमचं, बाहेर बोर्डावर लावतो.
अपडेट: भांडारपाल काकांनी सांगितलं तसंच निघालं, जिल्हा भांडारात बॅच रिपोर्टला अडकलीये. तोपर्यंत उपजिल्हा रुग्णालय थोड्या वायल्स (लसीच्या कुप्या) देतंय, गाडी निघाली. पावडरवाली आहे त्यामुळे वाटेत बर्फाची अडचण नाही. बिलं डीपीसी हेडची, आक्षेप "अनुदान शिल्लक नाही". सप्लायरला काय सांगू? पुढच्या वेळी तो फोनसुद्धा घेणार नाही.

निवृत्त_भांडारपाल
म्हणजे ३१ मार्चला निधी परत गेला. आता ती बिलं मागच्या वर्षाचं दायित्व (थकलेलं देणं) म्हणून सीएसमार्फत जिल्हा नियोजन समितीकडे पाठवा, या वर्षीच्या निधीतून आधी दायित्व भागवायची मागणी करा. पुरवठा आदेश, स्टॉक बुकातली नोंद, ट्रेझरीचा आक्षेप, सगळं जोडा. आणि नवीन खरेदी लहान लहान तुकड्यांत पाडू नका, ऑडिटवाले तेच पहिलं धरतात. मार्चच्या खरेदीला प्रशासकीय मान्यता घेतली होती ना?