एकट्यानं पहिल्यांदा लांब परदेशी निघताना : तुमची तयारी कशी झाली?

मी २४ वर्षांची, साताऱ्याची. दोन वर्षं नोकरी करून पैसे साठवलेत आणि ऑक्टोबरमध्ये तीन महिन्यांसाठी एकटी निघतेय : व्हिएतनाम, लाओस, थायलंड. बाबांनी होकार दिलाय. आईनंही दिलाय, पण ती हल्ली रात्री उठून बसते. सामानाच्या याद्या मिळतात हो कुठंही. तुमचं काय राहून गेलं, ऐनवेळी कशानं तारलं, घरच्यांची समजूत कशी घातलीत, ते लिहा. शिकायला, कामाला, फिरायला, कशासाठीही एकटे गेला असाल तरी चालेल.

*

व्हिएतनामला जातेयस म्हणून हे आधी. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि वडिलांचं, अशी दोन्ही नावं आहेत. आपल्याकडे अनेकांची असतात. ई-व्हिसाच्या अर्जात मी फक्त माझं नाव आणि आडनाव भरलं. मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट आणि व्हिसाचा कागद शेजारी शेजारी ठेवला, पेनाच्या टोकानं एकेक अक्षर ताडून पाहिलं आणि दोन्ही माझ्याकडे परत सरकवलं. रात्री दीड वाजता पाठीवर सॅक घेऊन घाटकोपरला मावशीकडे परतलो. तिकीट बुडालं, व्हिसाचे पैसे पुन्हा भरले.

आणि मध्ये लाओसला जाऊन परत व्हिएतनामात यायचं असेल तर एका प्रवेशाचा व्हिसा घेऊ नकोस, बाहेर पडलीस की तो संपला. अनेक प्रवेशांचा ५० डॉलरला मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा.

*

मी लातूरची, २०२३ मध्ये जर्मनीला एमएस करायला आले. एपीएस प्रमाणपत्र (आपल्याकडच्या पदवीची कागदपत्रं तपासून मिळतं ते), ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, तेव्हा त्यात ११,२०८ युरो दाखवावे लागत), विमा, सगळं दोनदा तपासलं होतं. चुकलं ते सिममध्ये. बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो, ते सिम मी भावाला देऊन आले. दुसऱ्याच आठवड्यात घरभाड्याची अनामत भरायची होती. ओटीपी यायचा भावाच्या फोनवर, तो शेतात, रेंज नाही. तीनदा मुदत संपली आणि बँकेनं व्यवहारच अडवला. खोली हातची जाते की काय म्हणून मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले. भारतातलं सिम सोबतच ठेव, निघण्याआधी रोमिंग सुरू करून घे आणि त्याचा रिचार्ज संपू देऊ नकोस.

खाण्याचं सांगते, कारण ते अजून मनातून जात नाही. आईनं घरचं तूप कढवून बरणीला दोन पिशव्या घातल्या होत्या. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, हे मला आदल्या संध्याकाळी कळलं. आई काही बोलली नाही. बरणी फळीवर ठेवली आणि त्या जागी मेतकूट, भाजणी, गोडा मसाला भरायला घेतला. बरणी नेमकी कुठं ठेवली होती ते मला आजही दिसतं. हे नियम आठवडाभर आधी वाच आणि घरच्यांना वाचून दाखव. कुकर नेत असशील तर जादा रिंग घे.

*

मी केनियाला गेलो होतो. तिथून परतताना भारतात पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचं कार्ड लागतं. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि ती घेऊन १० दिवस झाल्यावरच कार्ड ग्राह्य धरतात. तुझ्या वाटेवर हे लागणार नाही, पण आफ्रिकेला निघालेल्यांसाठी लिहून ठेवतो.

*

जपानला भाषा शिकायला गेले होते. मला थायरॉइडच्या गोळ्या रोज लागतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापेक्षा जास्त न्यायची तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी काढावी लागते. रोजची गोळी असेल तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी घे. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडच्या दुकानदाराला कळत नाही.

*

मी मुलीची आई म्हणून लिहितेय. माझी लेक गेल्या वर्षी पाच महिने एकटी फिरून आली. निघण्याआधी तीच सॅक घेऊन ती आठ दिवस हंपीला एकटी राहिली. तिथं पोट बिघडलं, एक दिवस नुसती पडून होती आणि तिचं तिनं निभावलं. तेव्हा माझी खात्री पटली, समजावण्यानं नाही. परत आल्यावर तिनं सॅक जमिनीवर ओतली आणि निम्मं सामान कपाटात ठेवलं. आमचं एकच ठरलं होतं : रोज झोपण्याआधी ‘पोचले’ एवढा मेसेज. फ्रिजवर पासपोर्टची प्रत, विम्याचा नंबर आणि प्रत्येक देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन चिकटवला होता. तो कागद मी रोज बघायचे. बाळा, तुझ्या आईलाही तसा एक दे.

*

पासपोर्ट काढून पाहिला. नावाच्या रकान्यात बाबांचं नाव आहे.

काकू, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, तुमच्या लेकीनं सॅकमधून काय काय काढून ठेवलं?