विषय: ड्रायवॉल कापताना कड फाटते

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आमच्या तळघरातील एका भिंतीला ड्रायवॉल, म्हणजे दोन्ही बाजूंना कागद असलेले जिप्समचे बोर्ड, लावण्याचे काम मी स्वतःच हाती घेतले आहे. अर्ध्या इंचाचा बोर्ड करवतीने कापला, तर पुढचा कागद फाटला, कड खडबडीत झाली आणि पांढरी पूड घरभर पसरली. अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

सप्रेम नमस्कार.

मी सध्या सांगलीला आलो असून योगायोगाने आमच्या विश्रामबागेतील घरी जिप्सम बोर्डचे छत करणारे कारागीर आहेत; तुमची ड्रायवॉल म्हणजे हाच बोर्ड, इथे साडेबारा मिलिमीटरचा. गेल्या तीन दिवसांत सरळ कापासाठी त्यांनी एकदाही करवत उचललेली नाही. अॅल्युमिनियमची पट्टी गुडघ्याखाली दाबून ते कटर एका दमात असे ओढतात की पुढचा कागद पूर्ण चिरला जातो आणि पाते जिप्सममध्ये जेमतेम उतरते. मग चिरेच्या उलट बाजूला झटका दिला की बोर्ड त्या रेघेवरच मोडतो आणि मागचा कागद बिजागरीसारखा लोंबतो, तो मागून कापायचा. बोथट पाते कागद चिरत नाही, ओरबाडते, म्हणून पाते बदलण्यात काटकसर करू नये.

स्विचच्या चौकटीसाठी मात्र टोकदार हातकरवत लागते. आधी त्या सर्किटची वीज बंद करावी आणि रेघेवरचा कागद कटरने चिरून घ्यावा. बोर्ड मापापेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी कापा, कारण ठोकून बसवलेला बोर्ड कोपऱ्यात फुटतो. खाली तर फरशीपासून अर्धा इंच मोकळा सोडा: ऑगस्ट २०१९ च्या पुरात भावाच्या दुकानातील पार्टिशन फरशीला टेकलेले होते, आणि पाणी जिथवर आले त्याच्याही वरपर्यंत ओल चढून कागद सुटला.

जुनी भिंत उकरणार असाल आणि घर १९८० पूर्वीचे असेल, तर सांधे भरलेल्या लांबीत (पुटीत) अॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असू शकते. तपासणीपूर्वी हात लावू नये.

---

काका, मनःपूर्वक आभार. नवे पाते घातले आणि पहिल्याच झटक्याला कड सरळ आली. मात्र चौकटीचे माप मी मागच्या बाजूवर आखल्यामुळे भोक स्विचच्या डावीकडे पडायचे ते उजवीकडे पडले. तो बोर्ड आता कपाटामागे लावणार आहे.