‘यूज्ड टू’पुढे ‘गेट’ की ‘गेटिंग’?

प्रश्न
‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ आणि ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’, दोन्ही बरोबर म्हणतात. मग एकात ‘गेट’ आणि दुसऱ्यात ‘गेटिंग’ का? ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप, हेच डोक्यात बसलंय. आणि ‘मी रोज सहाला उठतो’ला ‘आय यूज टू गेट अप ॲट सिक्स’ चालेल का?

प्रतिसाद १
शेवटचं आधी: नाही चालणार. ही रचना फक्त भूतकाळाची. रोजच्या उठण्याला ‘आय गेट अप ॲट सिक्स’ पुरतं, फार तर ‘यूज्वली’ जोडा.

पहिलं वाक्य म्हणजे ‘लवकर उठायचो’ (आता नाही, असा सूर). दुसरं म्हणजे ‘लवकर उठायची सवय आहे’. इथे ‘यूज्ड’ विशेषण आहे आणि ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखा, म्हणून त्यापुढे नाम हवं. क्रियापद आलंच तर ‘आयएनजी’ लावून त्याचं नाम करायचं. शंका आली की ‘टू’पुढे ‘इट’ ठेवा. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ लागतं, ‘आय यूज्ड टू इट’ लटकतं. (‘ते’ या अर्थाचं ऱ्हस्व ‘इट’ बरं का, खाण्याचं ‘ईट’ घातलंत तर तेही लागेल!) सवय अजून होत असेल तर ‘ॲम’च्या जागी ‘ॲम गेटिंग’: ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू माय न्यू ग्लासेस’.

प्रतिसाद २
‘डिड’ आला की शेवटचा ‘डी’ गळतो: ‘डिड यू यूज टू स्मोक?’ बोलताना दोन्हीकडे ‘यूस्टू’च ऐकू येतं, म्हणून चूक लिहितानाच होते. ‘धिस नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड’ मात्र निराळं. ते कर्मणी, ‘पाव कापायला वापरतात’. तिथे ‘कट’च, आणि उच्चार ‘यूझ्ड’.

प्रश्नकर्ता
‘उठायचो’ला ‘वुड’ही वापरतात ना?

प्रतिसाद १
कृती असेल आणि काळ आधी स्पष्ट झाला असेल तर हो. स्थितीला नाही. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन सांगली’ ठीक. ‘आय वुड लिव्ह इन सांगली’ म्हटलंत तर ऐकणारा पुढच्या ‘इफ’ची वाट बघत बसेल.

प्रतिसाद २
त्याच वाक्यात ‘फॉर फाइव्ह इयर्स’ आलं, की ‘यूज्ड टू’ही काढा: ‘आय लिव्ड इन सांगली फॉर फाइव्ह इयर्स’. मराठीतही ‘पाच वर्षं राहायचो’ म्हणत नाही, ‘राहिलो’ म्हणतो.