शोक कुठवर, नैराश्य कुठून? तुमचे अनुभव लिहा

आपल्यात कोणी गेलं की ‘प्रभूजवळ गेले, रडायचं नाही’ हे दफनभूमीच्या फाटकातच सुरू होतं. मित्र लाजर मेला तेव्हा येशू स्वतः रडला (बायबल, योहान ११:३५). प्रेषित पौलानेही शोकाला मनाई केलेली नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका एवढंच म्हटलंय. मग दुःख कोणतं आणि आजार कोणता, हे कसं ओळखलंत? उपदेश नकोत.

वसई
मिस्टर गेल्यावर सातव्या दिवसाच्या मिस्सेपर्यंत (चर्चमधली प्रार्थना) घास उतरत नव्हता. पण लेक पप्पांची नक्कल करायची तेव्हा हसू फुटायचं, मग दोघी रडायचो. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर फुलं ठेवताना अजून घसा दाटतो. घरी आलं की मेथीच्या जुड्या बांधायच्या, गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालायची. डॉक्टर लागला नाही.

अहिल्यानगर
माझं उलट. आई गेली आणि रडूच आलं नाही. उपासनेत ओठ हलायचे, आत काहीच नाही. पहाटे तीनला जाग, आणि डोक्यात आईपेक्षा स्वतःचंच: आपण कुचकामी, देवानेही टाकलंय. एका वडीलधाऱ्याने ‘विश्वास कमी पडतोय, उपास धर’ सांगितलं. जेवण आधीच सुटलेलं, उपास कसला धरतोय! पाळकांनी प्रार्थना केली आणि गाडीवर बसवून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या लागू पडायला काही आठवडे गेले. त्यानंतर आईसाठी पहिल्यांदा हमसून रडलो.

मिशन हॉस्पिटलमधली नर्स
रडणं किती, यावर जाऊ नका. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर उदासी, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, स्वतःची किंमत शून्य वाटते, तर डॉक्टर गाठा. शोक आणि नैराश्य एकत्रही असतात. ‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ हे कितीही भक्तिभावाने म्हटलेलं असो, सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आणि चोवीस तास. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं (१ राजे १९). प्रवचनात हा भाग घाईत उरकतात.

वसई
सिस्टर, जावेचा मुलगा जाऊन वर्ष झालं. त्याची खोली ती उघडू देत नाही. हे कशात धरायचं?

नर्स
नुसत्या खोलीवरून ठरत नाही. सहा महिन्यांनंतरही ओढ तेवढीच तीव्र आणि रोजचे व्यवहार ठप्प, तर ‘लांबलेला शोक’ म्हणून त्यावर वेगळे उपचार असतात. ती जेवते का, बाजारात जाते का, मिस्सेला येते का? ते कळवा.