वॉचमन मामांची केबिन आणि गच्चीचा चुना (सोसायटी ग्रुप, परभणी)

जाधव ताई (ए-३०१): काल दुपारी वॉचमन मामा उन्हाच्या तडाख्यानं केबिनमध्ये पडले तेव्हा ग्रुपवर चिटपाखरू नव्हतं. आता सगळे ऑनलाइन दिसायलेत. त्या पत्र्याखाली माणूस बसवू नका, हे मी फेब्रुवारीच्या मीटिंगमध्येच सांगितलं होतं.

सेक्रेटरी: ताई, नमस्कार. मामांना सकाळी घरी सोडलंय, तब्येत बरी आहे. केबिनचा विषय बजेटचा आहे, आपण जाणताच.

शिंदे (बी-१०२): थकबाकीदारांनी आधी मेंटेनन्स भरावा. मग केबिन, मग गच्ची गार ठेवायला चुना.

मोईनभाई: जगात जर्मनी, भारतात परभणी! ४४ अंशाला तर आपण स्वेटर काढतो.

जाधव ताई: भाई, हसण्यावारी नेऊ नका. विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो. दुपारी दोनला केबिनच्या पत्र्याला हात लावून बघा.

मोईनभाई: काल गाडी मीच काढली होती ताई. तेवढं तरी ध्यानात असू द्या.

डॉ. कुलकर्णी: मामा असंबद्ध बोलत होते, तरी चौघं त्यांना पाणी पाजत होते. असं करू नका, पाणी श्वासनलिकेत जातं. अंग ४० च्या वर तापलं आणि माणूस बरळायला लागला, की उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. उन्हात राबणाऱ्याला घामातही होतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. तापाच्या गोळीनं हा ताप उतरत नाही.

देशपांडे काका: आम्ही खिशात कांदा ठेवून गावभर हिंडायचो.

डॉ. कुलकर्णी: काका, कांदा जेवणात घ्या. तुमची बीपीची, लघवी जास्त होणारी गोळी आहे ना? संध्याकाळी येऊन दाखवा. मनानं बंद करू नका.

शिंदे: पुन्हा सांगतो, थकबाकीदारांनी आधी मेंटेनन्स भरावा. ए विंगनं विशेष लक्ष द्यावं.

जाधव ताई: नाव घ्या ना. माझी पावती फाइलला आहे.

शिंदे: तुमचं नाव कुठं घेतलं? चोराच्या मनात चांदणं.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको.

सोनवणे (बी-४०१): वरच्या मजल्यावर राहून बघा एकदा. रात्री एकलाही स्लॅब आग ओकतो. आई फरशीवर पाणी मारून, ओलं लुगडं अंगावर घेऊन पडते. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त गेली. मग २०१३ ला त्यांनी हीट अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला, पुढं वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. आपण कुणी जायची वाट बघायलोत का?

मोईनभाई: गच्ची पांढरी झाली तर कुरडया कुठं वाळवायच्या?

देशपांडे काकू: बाजेवर. आधी चुना मारा.

सेक्रेटरी: ठीक आहे. चुन्यात फेव्हिकॉल घालून दोन हात मारू, रविवारी. बारा ते चार मामांची खुर्ची ए विंगच्या जिन्याखाली.

जाधव ताई: तिथं माठ मी ठेवते. कामवाल्या बायका, डिलिव्हरीची पोरं, सगळ्यांसाठी. आणि मामांचा खाडा धरू नका.

सेक्रेटरी: कंत्राटदाराला विचारावं लागेल.

जाधव ताई: विचारू नका, सांगा.

शिंदे: पैसे कुठल्या खात्यातून?

मोईनभाई: खाड्याचे माझ्याकडून घ्या. चुनाही सकाळी आणतो. शिडी कुणाकडंय?

सोनवणे: शिंदे साहेबांच्या बाल्कनीत. दिवाळीपासून.