स्नॅपशॉट काढला म्हणजे बॅकअप झाला?

रात्रपाळी: काल इथे एकाने लिहिलं, "व्हॉल्यूमचा रोज स्नॅपशॉट घेतो, वेगळ्या बॅकअपची कटकट बंद केली." खाली शाबासक्यांची रांग! वाचून राहवलं नाही. अहो, स्नॅपशॉट म्हणजे व्हॉल्यूमची (डिस्कवरच्या एका विभागाची) त्या क्षणीची स्थिती धरून ठेवणं. तो क्षणात होतो, कारण त्या क्षणी काही कॉपीच होत नाही. एलव्हीएमच्या (लिनक्समध्ये व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) साध्या स्नॅपशॉटमध्ये मूळ व्हॉल्यूमच्या एखाद्या तुकड्यावर पहिल्यांदा लिहायची वेळ आली की जुना मजकूर बाजूला ठेवतात. न बदललेलं सगळं मूळ व्हॉल्यूममधूनच वाचायचं. ती डिस्क गेली की स्नॅपशॉटमध्ये काय उरलं? बसलोय त्याच फांदीला दोरी बांधायची आणि म्हणायचं, आता फांदी मोडली तरी चिंता नाही.

झटपट: ते लिहिणारा मीच. डिस्क मेलेली मी आजवर एकदाच पाहिली. चुकीच्या फोल्डरात आरएम (फाइली पुसायची कमांड) मारलेलं मात्र सारखं पाहतो, त्यात माझंही धरा. गेल्या महिन्यात अख्खी कॉन्फिगची (सेटिंगच्या फाइलींची) डिरेक्टरी उडवली. स्नॅपशॉट माउंट केला (डिस्कसारखा जोडून उघडला), फाइली परत, चहा निवायच्या आत काम संपलं. तुमचा बॅकअप शोधून उलगडेपर्यंत संध्याकाळ झाली असती.

जुनाखोंड: मीही असाच निर्धास्त होतो. अपग्रेडआधी स्नॅपशॉट काढला, जुना मजकूर ठेवायला ५ जीबी जागा दिली. अपग्रेड फसलं. मागे जाऊ म्हणून एलव्हीएस (व्हॉल्यूमची यादी दाखवणारी कमांड) चालवलं, तर स्नॅपशॉट अवैध! अपग्रेड आणि लॉग मिळून ते ५ जीबी कधीच भरले होते. मूळ व्हॉल्यूम ठणठणीत, म्हणजे ज्याच्यापासून पळायचं होतं तेच तेवढं शिल्लक.

झटपट: ५ जीबी कोणी सांगितले होते? मोठा घ्यायचा.

जुनाखोंड: मोठा म्हणजे किती? आधी सांगता आलं असतं तर अपग्रेड फसणार हेही सांगितलं असतं. मुद्दा असा की एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये स्नॅपशॉट आपोआप वाढवायची मर्यादा मुळात १०० टक्के असते, म्हणजे सोय बंद. ७० करा, की भरत आल्यावर वाढतो. मग मुळातच चालू का नाही? बनवणाऱ्यांना काय झालं होतं?

रात्रपाळी: व्हॉल्यूम ग्रुपमधली (सगळ्या व्हॉल्यूमच्या सामायिक साठ्यातली) मोकळी जागा तुम्हाला न विचारता खाल्ली असती, तर त्यावरही असाच लेख पाडला असतात. मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) वाचायचं असतं हो.

जुनाखोंड: रात्री २ वाजता सर्व्हर पडलेला असताना मॅन पेज वाचणारे तुमच्यासारखे संत आम्ही नाही. साधा इशारा देत नाही आणि दोष माझा?

रात्रपाळी: इशारा लॉगमध्ये येतो. तेच लॉग, ज्यांनी तुमचा स्नॅपशॉट भरला.

थिनवाला: भांडताय कशाला, एलव्हीएमचाच थिन पूल घ्या, म्हणजे व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट सगळ्यांना मिळून एकच साठा. प्रत्येक स्नॅपशॉटला वेगळी जागा ठरवावीच लागत नाही.

जुनाखोंड: हो, आणि पूल भरला की एक स्नॅपशॉट नाही, त्या पूलमधल्या सगळ्याच व्हॉल्यूमचं लिहिणं अडतं. मुळात ६० सेकंद वाट बघतो, मग एरर. उपकार झाले!

झेडपंथी: म्हणून सांगतो, एलव्हीएम सोडा, झेडएफएस ही फाइलसिस्टम घ्या. स्नॅपशॉट भरून फुटतच नाही.

जुनाखोंड: फुटत नाही, पण जागाही सोडत नाही. २०० जीबीच्या फाइली पुसल्या, मोकळी जागा जागची हलली नाही. कोणीतरी "अपग्रेडपूर्वी" नावाचा स्नॅपशॉट ठेवून गेलेला. कुठलं अपग्रेड, कोणालाच ठाऊक नाही. पुसायची कोणाची छाती होईना.

झेडपंथी: नावात तारीख घालायची असते. असो. झेडएफएसच्या सेंड कमांडने स्नॅपशॉट दुसऱ्या मशीनवर पाठवला की तो बॅकअपच झाला, मग रात्रपाळींचीही हरकत नसावी.

रात्रपाळी: दुसऱ्या मशीनवर गेला तर नाहीच. इतका वेळ मी वेगळं काय म्हणतोय? आणि झटपटराव, डेटाबेस चालू असताना काढलेला स्नॅपशॉट म्हणजे वीज गेल्या क्षणीची डिस्क. पोस्टग्रेससारखा डेटाबेस आपल्या लॉगवरून (बदलांच्या नोंदींवरून) सावरेल, पण डेटा आणि लॉग वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असतील आणि दोन्हींचे स्नॅपशॉट मागेपुढे घेतले असतील, तर सावरेलच असं नाही.

झटपट: माझे वेगवेगळ्याच व्हॉल्यूमवर आहेत. झालं समाधान? आज रात्रीपासून डेटाबेसचा डंप (सगळा डेटा फाइलीत उतरवून) वेगळा, बाकीचं स्नॅपशॉट माउंट करून दुसऱ्या मशीनवर आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड). पण रोजचा स्नॅपशॉट बंद करणार नाही, सांगून ठेवतो.

रात्रपाळी: बंद करा म्हटलंय कोणी? आरसिंक झाला की त्यासाठी घेतलेला स्नॅपशॉट तेवढा पुसून टाका, लिहिणं मंदावतं.

जुनाखोंड: आणि ती मर्यादा ७० करा.

रात्रपाळी: झालं पुन्हा सुरू.