एसएमडीवर ‘ए१’ छापलंय: डायोड की मॉसफेट?

प्रश्न: पॉवर बँकेच्या बोर्डावरून काढलेला एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारा भाग), सॉट-२३ आकाराचा, तीन पायांचा. ‘ए१’ वाचता येतं, पुढचं खरवडलं गेलंय. शेजारच्या रेझिस्टरवर ‘०१सी’ आहे. काय मागवू?

उत्तर १: नुसतं ‘ए१’ असेल तर बहुधा बीएडब्ल्यू५६, म्हणजे कॉमन ॲनोडचा जोड डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारे दोन डायोड, धन टोक सामायिक). ‘ए१एसएचबी’ असेल तर एसआय२३०१, पी-चॅनल मॉसफेट (स्विचसारखा वापरला जाणारा ट्रान्झिस्टर). आधी चिमट्याने तिन्ही पाय क्षणभर शॉर्ट करा. मग मीटर डायोड मोडवर, लाल प्रोब एकट्या पायावर (३; तो वर धरला तर खाली डावीकडे १, उजवीकडे २). काळा १ आणि २ दोन्हींवर ०.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर डायोड. फक्त २ वर दाखवला आणि १ वर काहीच नाही, तर मॉसफेट. सगळीकडे शून्याजवळ आलं तर भाग शॉर्ट आहे, ही चाचणी निरुपयोगी.

उत्तर २: भाग शॉर्ट असेल तेव्हा बोर्डावरचे पॅड (पाय सोल्डर होते त्या तांब्याच्या जागा) बघा. २ आणि ३ ला रुंद तांबं, १ ला बारीक ट्रॅक, तर मॉसफेटच समजा.

उत्तर ३: ‘०१सी’ मध्ये ‘०१’ म्हणजे १०० आणि ‘सी’ म्हणजे गुणिले १००, एकूण १० किलोओहम, १ टक्का कमी-जास्त. बोर्डावर मोजताना कमी दिसलं तर समांतर वाटेमुळे असू शकतं. स्थिर आकडा जास्त आला तर मात्र रेझिस्टर बदला.